एक सिम, अकरा कॉम्प्युटर: लिनक्सचे अपडेट सगळ्या मशीनवर कसे पोचवायचे?

कन्नमवारकर
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. दहावी-बारावीची मुलं, एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मोठी मुलं, दुपारी टायपिंग शिकायला येणाऱ्या ताई, असा दिवसभर राबता असतो. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा अभ्यासिका उचलून एका गाळ्यात आणली. जुन्या जागी ब्रॉडबँड होतं. इथे केबलवाला म्हणतो, नवीन टॉवर उभा राहिला की लाइन टाकू. तोपर्यंत एक ४जी राउटर आणि त्यात एक सिम. रोजचे २ जीबी मिळतात, ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो.

कॉम्प्युटर अकरा आहेत. एका ऑफिसने काढून टाकलेले, विंडोज ११ च्या अटींत न बसणारे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्या सगळ्यांवर लिनक्स मिंट २२ ची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीची, हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातल्या एसएसडी आणून बसवल्या. ४ जीबी रॅमवर मशीन व्यवस्थित चालतात, मुलं खूश आहेत.

अडचण अपडेटची आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा), फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स ब्राउझर एकाच आठवड्यात आले की एका मशीनला सहाशे-सातशे एमबी लागतात. अकरा मशीननी आपापलं उतरवलं तर सात जीबी. परवा एका मुलीला भरतीचा फॉर्म भरायचा होता, शेवटचा दिवस, आणि दुपारीच डेटा संपलेला. शेवटी तिने स्वतःच्या मोबाइलवरून भरला. तेव्हापासून सगळ्या मशीनवरचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवलेत. पण मुलं इथे बँकेचे, परीक्षेचे पासवर्ड टाकतात. मशीन असेच जुने ठेवणं मला पटत नाही.

ज्यांनी असं काही निभावलंय त्यांनी कृपया सांगा. पेन ड्राइव्हवरून करायचं का? एका मशीनवर उतरवून बाकीच्यांना वाटता येतं का? मी टर्मिनलला घाबरत नाही, पण पेशाने संगणकवाला नाही.


सह्यवेडा
शनिवार, रात्री १०.०५

चांगलं काम करताय. पण मशीन चालतंय ना? मग अपडेटच्या मागे कशाला लागता? लिनक्सला व्हायरस फारसे नाहीत. सहा महिन्यांनी ब्रॉडबँड आलं की एकदाच सगळं करून टाका. मुलांचा डेटा मुलांना वापरू द्या.


टर्मिनलकाका
शनिवार, रात्री १०.३१

सह्यवेडा, डेटा मुलांसाठी राहावा हे तुमचं म्हणणं बरोबर. पण सहा महिने थांबा हे अभ्यासिकेसाठी तरी नको.

जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधली चूक उघड झाली, तिला पॉनकिट असं नाव पडलं. २००९ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून ती त्यात होती. मशीनवर साधं खातं असलेला कोणीही त्यातून थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकत होता. त्याच्या आदल्या जानेवारीत सुडोमध्ये (साध्या खात्याला रूटची कामं करू देणारा प्रोग्रॅम) तसाच प्रकार सापडला होता. घरच्या एकट्याच्या लॅपटॉपवर याचं फार बिघडत नाही. जिथे दिवसाला तीस-चाळीस वेगवेगळी माणसं एकाच खुर्चीवर बसतात तिथे बिघडतं. एकाने रूट मिळवून कीबोर्डची नोंद ठेवणारं काही बसवलं, तर पुढच्या प्रत्येकाचा पासवर्ड गेला.

ब्राउझरचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्सला तातडीची दुरुस्ती काढावी लागली, कारण त्या चुकीचा गैरफायदा घेणं आधीच सुरू झालं होतं. अशा वेळी महिनाभर थांबणंही जास्त होतं.

कन्नमवारकर, कोटा संपल्यावर रात्रभर मशीन चालू ठेवून उतरवू असाही विचार डोक्यात येईल. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ५०० एमबीला सतरा तासांहून जास्त लागतात, तेही एका मशीनला. तो रस्ता सोडून द्या.


निळा_पेंग्विन
शनिवार, रात्री ११.१२

अकराही मशीनना लागणारी पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) तीच ती आहेत. तेव्हा सिमवरून एकदाच उतरवायची आणि बाकीच्या दहांनी ती गाळ्यातल्या गाळ्यात घ्यायची. मिंटमध्ये पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रॅमला ॲप्ट म्हणतात, आणि ती जिथून येतात त्या सर्व्हरला भांडार. यासाठी ॲप्ट-कॅचर-एनजी (पुढे नुसतं कॅचर) नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, मिंटच्या भांडारात मिळतं. माझ्याकडे एका क्लासच्या लॅबमध्ये ते बिनतक्रार चाललंय.

एका मशीनवर ते टाका. ते ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर बसतं. त्या मशीनचा आयपी पत्ता राउटरमध्ये बांधून टाका, म्हणजे वीज गेली-आली तरी बदलणार नाही. मग अकराही मशीनवर, कॅचरच्या मशीनवरसुद्धा, इटीसीच्या आत ॲप्ट, त्याच्या आत ॲप्ट.कॉन्फ.डी असं फोल्डर आहे, त्यात प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या मध्यस्थाचा पत्ता सांगणारी, एका ओळीची फाइल करा:

ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२";

(मशीनवर अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. शेवटचा अर्धविराम गाळू नका, त्याशिवाय ॲप्ट ओळ वाचत नाही. पत्ता तुमच्या मशीनचा घाला.)

झालं. आता पहिल्या मशीनने फायरफॉक्स मागितला की कॅचर तो सिमवरून आणतो आणि स्वतःजवळ एक प्रत ठेवतो. दुसऱ्या मशीनने मागितला की ती प्रत देतो. दोन मशीननी एकदम मागितला तरी तो दोनदा उतरवत नाही, चालू असलेलं डाउनलोडच दोघांना पुरवतो. सात जीबीचं काम सहाशे-सातशे एमबीत होतं.

वायफायपेक्षा एक स्विच आणि केबल घ्या. लॅमिंग्टन रोडला जाताच आहात तर जुना आठ किंवा सोळा पोर्टचा स्विच बघा, वापरलेला चालेल.


कन्नमवारकर
रविवार, सकाळी ७.५०

टर्मिनलकाका, निळा_पेंग्विन, मनापासून आभार. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. स्विच आहे आमच्याकडे, ऑफिसवाल्यांनी कॉम्प्युटरबरोबर दिला होता.

कॅचरसाठी वेगळं मशीन लागेल का? की अकरांतलंच एक चालेल? त्यावर मुलं बसणार.


निळा_पेंग्विन
रविवार, सकाळी ८.२०

अकरांतलं चालेल. कॅचरला रॅम जवळजवळ लागत नाही. फक्त वीस-तीस जीबी जागा मोकळी ठेवा आणि अपडेटच्या वेळी ते मशीन चालू असू द्या.


शाळामास्तर
रविवार, सकाळी ९.१५

मानखुर्दला आमच्या शाळेच्या लॅबमध्ये हेच आहे. दोन ठिकाणी आमचं अडलं, तुमचंही अडेल म्हणून लिहितो.

पहिलं, मिरर, म्हणजे भांडाराची नक्कल ठेवणारा सर्व्हर. मिंटमध्ये सॉफ्टवेअर सोर्सेस उघडलं की दोन मिरर निवडता येतात, एक मिंटचा स्वतःचा आणि एक बेस म्हणजे ज्या लिनक्सवर मिंट उभं आहे त्या उबुंटूचा. आमच्या लॅबमध्ये ज्याने जे मशीन लावलं त्याने त्यावर आपल्या मनाने 'सगळ्यात वेगवान' मिरर निवडला होता. एका मशीनवर एक, दुसऱ्यावर दुसराच. कॅचरच्या दृष्टीने वेगळ्या पत्त्यावरची फाइल ही वेगळी फाइल ठरू शकते, म्हणजे तेच पॅकेज पुन्हा उतरतं. तेव्हा अकराही मशीनवर अक्षरशः तोच मिरर ठेवा. आणि तो एचटीटीपीचा असू द्या, एचटीटीपीएसचा नको. एचटीटीपीएसमध्ये मधल्या कोणाला आत काय चाललंय ते दिसत नाही, कॅचरलाही नाही, मग तो साठवणार काय? मिंट आणि उबुंटूचे मूळचे पत्ते एचटीटीपीचेच असतात, ते ठेवले तरी पुरे.

दुसरं, बाहेरची भांडारं. एका मशीनवर कोणीतरी क्रोम टाकलं होतं. त्याचं भांडार एचटीटीपीएसवर. कॅचर लावल्यावर त्या मशीनवर ४०३ अशी चूक यायला लागली, कनेक्ट नाकारलं म्हणून. कॅचर मुळात एचटीटीपीएस पुढे जाऊच देत नाही. त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ घाला, ॲक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी आणि पुढे अवतरणात डायरेक्ट. मग तेवढी भांडारं थेट नेटवर जातात. पण तो डेटा प्रत्येक मशीनचा वेगळा खर्च होतो हे लक्षात ठेवा. आम्ही सरळ क्रोम काढून फायरफॉक्सच ठेवला.


गिरगावकर
रविवार, सकाळी ११.०२

हा धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी डायलअप होतं, फोनचं बिल बघून वडील ओरडायचे. उबुंटूवाले शिपइट योजनेत घरपोच फुकट सीडी पाठवायचे, परदेशी टपाल खर्चासकट. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. मी जास्तीच्या सीडी मागवून कॉलेजात वाटायचो. मासिकांबरोबरही लिनक्सच्या सीडी यायच्या. ॲप्टऑनसीडी नावाचं एक साधन होतं, आपल्या मशीनवरची पॅकेजं सीडीवर भरून मित्राकडे न्यायची. अपडेट असे हातोहात फिरायचे.

आज शहरात घरोघरी फायबर आहे म्हणून ही साधनं मागे पडली. पण मुंबईतच संक्रमण शिबिरं आहेत, टेकडीवरच्या वस्त्या आहेत, आणि तिथल्या मुलांनाही तीच सुरक्षा मिळायला हवी जी टॉवरमधल्या मुलांना मिळते. तुम्ही लिहीत राहा.


पॅकेजवाली
रविवार, दुपारी १.३७

पेन ड्राइव्हच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. मी कामानिमित्त अशा ठिकाणी मशीन सांभाळते जिथे नेट आणायला परवानगीच नाही.

सगळ्यात आधी, कोणी पेन ड्राइव्हवर डेब फाइल्स (मिंटच्या पॅकेजांच्या फाइल्स) भरून आणल्या आणि डीपीकेजी (ॲप्टच्या खालचा, फाइल नुसती बसवणारा प्रोग्रॅम) लावून थेट बसवल्या, असं करू नका. कारण सांगते. ॲप्टची सुरक्षा एका साखळीवर उभी आहे. भांडाराच्या रिलीज फाइलवर डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, असतो. त्या यादीत प्रत्येक डेब फाइलचा हॅश असतो. ॲप्ट नेटवरून फाइल आणतो तेव्हा ही साखळी वरपासून खालपर्यंत तपासतो. डीपीकेजी यातलं काही तपासत नाही, त्याला जी फाइल द्याल ती तो बसवतो. पेन ड्राइव्ह मधे कोणाच्या मशीनला लागला, त्यावरची फाइल तीच राहिली का, हे त्याला कळणारच नाही. ॲप्टच्या कॅशच्या फोल्डरमध्ये फाइल्स थेट टाकून देणं हाही धोपटमार्ग सांगितला जातो, पण तिथे आधीपासून असलेल्या फाइलची तपासणी नेटवरून आलेल्या फाइलइतकी कडक नसते. तेही नको.

नीट मार्ग म्हणजे ॲप्ट-ऑफलाइन. रितेश राज सर्राफ या आपल्याकडच्याच, डेबियन (उबुंटूचं मूळ असलेलं लिनक्स) घडवणाऱ्या डेव्हलपरने लिहिलेलं साधन आहे. नेट नसलेल्या मशीनवर 'सेट' ही आज्ञा दिली की ते काय काय हवंय याची एक छोटी फाइल करून देतं. ती पेन ड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या मशीनवर 'गेट' द्यायचं, ते सगळं उतरवून एका झिप फाइलमध्ये बांधतं. हे दुसरं मशीन विंडोजचं असलं तरी चालतं, पायथन हवं इतकंच. परत येऊन 'इन्स्टॉल'. याद्यांवरची सही ते तपासून घेतं. मग नेहमीसारखं अपग्रेड करायचं.

एक गोष्ट लोक विसरतात. पहिल्या फेरीत नव्या याद्या आणायच्या, दुसऱ्या फेरीत पॅकेजं. जुन्या यादीवरून पॅकेजं मागितली तर काही जुनीच मागितली जातात, आणि ती तोवर मिररवरून गेलेली असतात. तुमच्याकडे सिम आहे, तेव्हा याद्या सिमवरून आणा आणि जड पॅकेजं पेन ड्राइव्हवरून. एकच फेरी पडेल.


सह्यवेडा
रविवार, दुपारी २.१०

काका, पॉनकिटबद्दल वाचलं. अभ्यासिकेच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. माझ्या डोळ्यांसमोर घरचं मशीन होतं.

पण एक शंका. शाळामास्तर म्हणतात एचटीटीपी ठेवा. सगळं जग एचटीटीपीएसवर गेलं असताना हे मागे जाणं नाही का?


टर्मिनलकाका
रविवार, दुपारी ३.००

रास्त शंका आहे. पॅकेजवालीताईंनी सांगितलेली साखळी हेच उत्तर. फाइल वाटेत कोणी बदलली तर हॅश जुळत नाही आणि ॲप्ट ती फेकून देतो, मग ती कोणत्याही वाटेने येवो. एचटीटीपीवर बघणाऱ्याला तुम्ही कोणतं पॅकेज घेतलं ते कळतं, पण ते बदलता येत नाही.

पूर्ण चित्र द्यायचं तर जानेवारी २०१९ ची गोष्टही सांगायला हवी. ॲप्टमध्येच एक चूक सापडली होती, सुरक्षाचुकांच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-३४६२. रीडायरेक्ट, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, हाताळण्यात गफलत होती. वाटेत बसलेला माणूस ॲप्टला खोटाच हॅश खरा म्हणून भरवू शकत होता. डेबियनने तेव्हा सांगितलं होतं की हा एक अपडेट घेताना रीडायरेक्ट बंद ठेवून घ्या. ती कधीच दुरुस्त झाली, मिंट २२ मध्ये तिचा प्रश्न नाही. तेव्हा एचटीटीपीएसचा जास्तीचा थर निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे बँडविड्थ आहे त्याने खुशाल घ्यावा. एका सिमवर अकरा मशीन असताना मात्र सही तपासणारा ॲप्ट आणि मधे कॅचर, हा हिशेब बरोबर आहे.

अट एकच. सहीची चूक दाखवली म्हणून 'अनऑथेंटिकेटेड चालू दे' असा पर्याय कोणी लावला, तर हे सगळं कोसळतं. तो कधीही लावायचा नाही. सहीची चूक आली की थांबायचं आणि इथे येऊन विचारायचं.


लाल_टोपी
रविवार, सायंकाळी ५.४५

मी फेडोरावाला, म्हणजे लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारातला. विचारतो, कारण मला खरंच वाटतं की मूळ उपाय वेगळा आहे. नव्या आवृत्तीत बदललेला भाग थोडासा असतो. मग पूर्ण पॅकेज का उतरवायचं? फक्त फरक उतरवा. फेडोरात डेल्टा आरपीएम होते (आरपीएम म्हणजे फेडोराची पॅकेजं, डेल्टा म्हणजे फरक), डेबियनसाठी डेबडेल्टा होतं. मिंटला हे का नाही?


पॅकेजवाली
रविवार, सायंकाळी ६.३०

लाल_टोपी, मलाही तो मार्ग मनापासून आवडायचा. फेडोरा ११ पासून, म्हणजे २००९ पासून तुमच्याकडे होता. आणि २०२४ च्या फेडोरा ४० मध्ये तो तुमच्याच लोकांनी बंद केला.

डेल्टा ही एका ठरावीक जुन्या आवृत्तीपासून एका ठरावीक नव्या आवृत्तीपर्यंतच चालते. जो दर दोन दिवसांनी अपडेट करतो त्याच्यासाठी ती बहुतेक तयार असते. जो महिन्याने करतो त्याच्या जुन्या आवृत्तीपासूनची डेल्टा सर्व्हरवर सापडतच नाही, मग पूर्ण पॅकेज उतरवावं लागतं. कमी बँडविड्थवाला माणूस हाच तर उशिरा अपडेट करणारा असतो. म्हणजे ज्याला गरज होती त्यालाच ती कमी मिळायची. वर डेल्टांच्या यादीचा भार सगळ्यांच्या माथी. शिवाय फरक उतरवल्यावर मशीनवर पूर्ण पॅकेज परत जुळवावं लागतं, जुन्या प्रोसेसरवर त्याला वेळ जातो.

डेल्टा वाया गेली असं मात्र नाही. ॲप्ट याद्यांसाठी पीडिफ वापरू शकतो, तिथे फक्त यादीतला फरक येतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या ॲप्टबाहेरच्या पॅकेजपद्धती आहेत. फ्लॅटपॅकच्या खाली ओएसट्री आहे, ते बदललेल्या फाइल्सच आणतं. स्नॅपमध्येही डेल्टा आहेत. पण एका छताखाली अकरा सारखी मशीन असताना एकदा आणून वाटणं हेच जास्त वाचवतं.


लाल_टोपी
रविवार, सायंकाळी ६.४८

बंद होण्यामागचं कारण इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.


मुलुंडची_मैना
रविवार, रात्री ८.१०

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात हेच करायचंय.


शाळामास्तर
रविवार, रात्री ८.५५

आणखी एक आठवलं, हे उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांसाठी जास्त. अनअटेंडेड-अपग्रेड्स हा जो सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवतो, तो कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) असेल तर मुळात गप्प बसतो. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट लावला की फोन डीएचसीपीतूनच (मशीनला आयपी पत्ता देतानाच) तशी खूण पाठवतो आणि नेटवर्क मॅनेजर ती ओळखतो. म्हणजे जी मशीन कायम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात, त्यांवर आपोआप होणारे सुरक्षेचे अपडेट होतच नाहीत, आणि समोर तसा काही संदेशही येत नाही. लॉग उघडला तरच कळतं. उलट ४जी राउटर बहुधा ती खूण पाठवत नाही, मग मशीनला वाटतं की हे घरचं अमर्याद ब्रॉडबँड आहे.

तुमच्या गाळ्यातलं कनेक्शन नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हाताने मीटर्ड करून ठेवा. आणि अपडेट ठरलेल्या दिवशी, कोणीतरी समोर असताना, हाताने करा.


चाकरमानी_बदलापूर
रविवार, रात्री १०.२०

आमच्या उबुंटूच्या लॅबमध्ये एका मशीनला अपडेट दिसतो, शेजारच्याला तोच 'थांबवून ठेवला' म्हणून दाखवतो. कॅचर बिघडला की काय असं वाटलं होतं. कोणाला अनुभव?


निळा_पेंग्विन
रविवार, रात्री १०.४४

कॅचर ठीक आहे. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, आधी थोड्या मशीनना, काही बिघडलं नाही तर बाकीच्यांना. कोणत्या मशीनची पाळी कधी हे त्या मशीनच्या आयडीवरून ठरतं, म्हणून शेजारी शेजारी फरक दिसतो. सुरक्षेच्या अपडेटना ही पायरी लागत नाही, ते सगळ्यांना लगेच मिळतात. चार-आठ दिवस थांबा, सगळी मशीन एका रेषेत येतील.

आणि उबुंटू असेल तर स्नॅपकडे लक्ष द्या. स्नॅप कॅचरमधून जात नाहीत आणि दिवसातून चार वेळा स्वतःच अपडेट शोधतात. त्यांना होल्डवर ठेवून ठरलेल्या दिवशी हाताने करा. मिंटमध्ये स्नॅप मुळात येत नाही, त्यामुळे कन्नमवारकरांची ती चिंता नाही.


दादरकर
सोमवार, सकाळी ७.१५

सगळे प्रतिसाद वाचले. मला वाटतं कन्नमवारकरांच्या हातात याहून चांगला पर्याय आहे, ज्यात सिमचा डेटा जवळजवळ लागतच नाही. आम्ही एका वस्तीतल्या केंद्रात हा मार्ग वापरतो. थोडं सविस्तर लिहितो.

कॅचर अभ्यासिकेतल्या मशीनवर न टाकता एका जुन्या लॅपटॉपवर टाका. त्या लॅपटॉपवर तेच मिंट २२, तीच पॅकेजं, कर्नलची मालिकाही तीच. लॅपटॉपची स्वतःची प्रॉक्सी त्याच्या स्वतःच्याच ३१४२ पोर्टवर लावा. मंडळात कोणाच्या तरी घरी फायबर असेल. त्याने शनिवारी रात्री लॅपटॉप घरी न्यायचा, वायफायला जोडायचा आणि नेहमीसारखे अपडेट करायचे. लॅपटॉप तर अद्ययावत होतोच, पण सगळी पॅकेजं त्याच्याच कॅचरमधून गेल्यामुळे त्यांची प्रत तिथे राहते. रविवारी लॅपटॉप अभ्यासिकेत आणून स्विचला लावायचा. राउटरमध्ये त्याचा पत्ता बांधलेला आहेच. अकरा मशीन त्याच्याकडे मागतात आणि त्यांना केबलच्या वेगाने मिळतं. सातशे एमबी काही मिनिटांत.

यात एक बारकावा आहे. शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार यांच्यात मिररवर नवी यादी आली, तर अकरा मशीन नवी यादी मागतील आणि त्यातली नवी पॅकेजं सिमवरून ओढतील. म्हणून रविवारी कॅचरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ऑफलाइनमोड १ करा. मग तो बाहेर जातच नाही, शनिवारी साठवलेली यादी आणि शनिवारचीच पॅकेजं देतो. अकराही मशीन नेमकी लॅपटॉपच्या बरोबरीला येतात. जे त्याच्याकडे नाही त्यासाठी ५०३ दाखवतो, आणि ते कोणतं पॅकेज ते लिहून घेऊन पुढच्या शनिवारी आणता येतं. बहुतेक एखाद्याच मशीनला लागणारा वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघतो.

लॅपटॉप आठवडाभर दुसऱ्याच्या घरी असला तरी काळजी नाही. तो नसताना अकरा मशीनना अपडेट मिळत नाहीत आणि सिमचा डेटाही कोणी खात नाही. मुलांच्या फॉर्मला तो पूर्ण राहतो. पॅकेजवालीताईंची सहीची साखळीही शाबूत, कारण प्रत्येक मशीनवरचा ॲप्ट फाइल नेटवरून आल्यासारखीच तपासतो.

मधल्या वारी फायरफॉक्सची तातडीची दुरुस्ती आली, तर लॅपटॉप त्या दिवशी आणून ऑफलाइनमोड काढा आणि तेवढं एकच पॅकेज सिमवरून घ्या. शंभर एमबीच्या आसपास जाईल, आणि अकरांत मिळून एकदाच.


कन्नमवारकर
सोमवार, रात्री ९.०५

दादरकर, हे तर आमच्यासाठीच बेतलेलं आहे. आमचा एक माजी विद्यार्थी आता भांडुपला राहतो, घरी फायबर आहे, दर रविवारी शिकवायला येतो. त्याला फोन केला, तो आनंदाने तयार झाला. त्याच्याकडेच एक पडून असलेला लॅपटॉपही निघाला.

शाळामास्तर, आज सगळ्या मशीनवरचे मिरर बघितले. तीन वेगवेगळे निघाले! सगळे मूळच्या पत्त्यावर आणले.

मुलांनी मागितलेले दोन-तीन प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमध्ये आहेत. तेही कॅचरमधून येतील का?


पॅकेजवाली
सोमवार, रात्री ९.४०

नाही, फ्लॅटपॅक कॅचरमधून जात नाही. पण त्याची स्वतःची सोय आहे, क्रिएट-यूएसबी. भांडुपच्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम असेल तर त्याच्या रनटाइमसकट (त्याला चालायला लागणाऱ्या सामायिक फाइल्ससकट) पेन ड्राइव्हवर उतरवता येतो, आणि दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्ह लावून तिथून बसवता येतो. सही तिथेही तपासली जाते. रनटाइम काहीशे एमबीचे असतात, तेव्हा जो प्रोग्रॅम मिंटच्या भांडारात डेब म्हणून मिळतो तो तसाच घ्या. फ्लॅटपॅक नाइलाजाने.


कन्नमवारकर
पुढचा रविवार, सायंकाळी ७.३०

मंडळी, आज केलं. अकराही मशीन अद्ययावत झाली. एका मशीनवर ५०३ आलं, त्याचं वायफायचं कार्ड वेगळं आहे, ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवलंय. बारावीतल्या दोन मुलींनी शेवटची चार मशीन स्वतः केली, त्यांना आता दर रविवारी हे काम हवंय. दिवसभरात सिमचा डेटा अपडेटसाठी वापरलाच गेला नाही.

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका, दर आठवड्याला पॅकेजं साठत गेली तर लॅपटॉपची डिस्क भरेल ना? जुनी मीच पुसायची का?


निळा_पेंग्विन
पुढचा रविवार, रात्री ८.०२

फार छान! त्या मुलींना रूटचा पासवर्ड देऊ नका, त्यांच्या नावाची वेगळी खाती करून सुडोचा अधिकार द्या, म्हणजे कोणी काय केलं त्याची नोंद राहते.

डिस्कचं कॅचर स्वतः बघतो. रोज एकदा साफसफाई करतो, आणि जे पॅकेज सध्याच्या कोणत्याच यादीत नाही ते चार दिवसांनी काढून टाकतो. हाताने फाइल्स पुसू नका, त्याचा हिशेब चुकतो. ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि ३१४२ टाकून त्याचं रिपोर्टचं पान उघडा. किती एमबी बाहेरून आले आणि किती आतून वाटले ते तिथे दिसतं, साफसफाईचं बटणही तिथेच आहे. फक्त ऑफलाइनमोड १ असताना ते दाबू नका. शनिवारी भांडुपला फायबरवर, नव्या याद्या उतरल्यावर दाबा.